लेकींचे आरोग्य : वहीबाहेरचा हिशेब

सोलापूर जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावी धान्याची आडत असलेले एक घर. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी पुण्याहून लेक घरी येते. बारावीनंतर तिने वाणिज्य शाखेत प्रवेश घेतला, सोबत सीएची तयारी सुरू केली. या गोष्टीला आता तीन वर्षे झाली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ती गेल्या वर्षी शिवलेला पोशाख कपाटातून काढते, तेव्हा तो अंगात बसत नाही. आई म्हणते, "असू दे, शिलाई उसवून घेऊ." आजी म्हणते, "खात्यापित्या घरची मुलगी आहे, दिसलंच पाहिजे." काकू मात्र आवाज खाली आणून म्हणते, "वहिनी, आता बायोडाटा करायची वेळ आली. जरा लक्ष द्या." वडील त्या वेळी पेढीवर नव्या वह्यांना कुंकू लावण्याच्या गडबडीत असतात. लेक काही न बोलता जुना सैलसर ड्रेस घालते आणि पूजेला येऊन बसते.

या तिन्ही वाक्यांत माया आहे, काळजीही आहे. परंतु त्यांत तिच्या आरोग्याविषयी एकही शब्द नाही. थोड्याफार फरकाने हे चित्र आज अनेक व्यापारी कुटुंबांत दिसते. दुकानातील पैशापैशाचा हिशेब ठेवणाऱ्या घरात मुलीच्या शरीराचा जमाखर्च मात्र कोणत्याच वहीत लिहिला जात नाही. तो उघड होतो तो कपडे घट्ट झाल्यावर, नाहीतर लग्नाची बोलणी सुरू झाल्यावर.

आकडे काय सांगतात

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आहे. त्याआधीच्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण २०.६ टक्के होते. ग्रामीण भागात ते १९.७ टक्के, तर शहरांत ३३.२ टक्के आहे. म्हणजे शहरातील दर तीन स्त्रियांमागे एक. महाराष्ट्राचा आकडा २३.४ टक्के आहे. वय वाढत जाते तसे हे प्रमाणही चढत जाते. याचा अर्थ असा की, चाळिशीत दिसणाऱ्या स्थूलतेचा पाया पुष्कळदा विशीतच घातला जातो आणि महाविद्यालयाची तीन-चार वर्षे हा त्यातील महत्त्वाचा काळ असतो.

वजन प्रमाणात आहे की नाही हे पाहण्याची साधी रीत म्हणजे बॉडी मास इंडेक्स, अर्थात बीएमआय. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. वरील उदाहरणातील मुलीची उंची १५५ सेंटिमीटर धरली, तर पुण्याला जाताना तिचे वजन ५३ किलो, म्हणजे बीएमआय २२ होता. आज वजन ६२ किलो आहे आणि बीएमआय २५.८. सर्वेक्षणात २५ ही मर्यादा धरली जाते. परंतु भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये आपल्या लोकांसाठी ती खाली आणली. २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे स्थूलता, असे त्यांचे मत आहे. या उंचीच्या मुलीसाठी ५५ किलोला पहिली घंटा वाजते आणि ६० किलोला दुसरी. या घरात दोन्ही घंटा वाजून गेल्या, कोणाला ऐकू आल्या नाहीत.

बारीक दिसणे म्हणजे निरोगी असणे नव्हे

ही मर्यादा भारतीयांसाठी खाली का आणावी लागली, याचे उत्तर शोधण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एक छायाचित्र 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय सारखाच, २२.३. परंतु शरीरातील चरबी मोजली, तेव्हा डॉ. युडकिन यांची ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. काटा सारखा, पण माल निराळा! भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी, त्यातही पोटाभोवतीची चरबी अधिक, ही गोष्ट त्या एका छायाचित्राने जगापुढे आणली.

म्हणून वजनकाट्यासोबत शिलाईची टेपही हाताशी हवी. स्त्रियांच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे भारतीय मार्गदर्शक सूचना सांगतात. राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत कंबर आणि नितंब यांचे गुणोत्तर प्रथमच मोजले गेले, तेव्हा देशातील निम्म्याहून अधिक, ५६.७ टक्के स्त्रिया धोक्याच्या रेषेपलीकडे आढळल्या. 'आमची मुलगी तर काडीसारखी आहे' असे म्हणणाऱ्या घरांनीही हा आकडा लक्षात ठेवावा.

वसतिगृहातील एक दिवस

मुलगी पुण्यात जाऊन फार खाऊ लागते, हा घरच्यांचा समज बहुधा चुकीचा असतो. तिचा दिवस पाहिला की खरे कारण ध्यानात येते. सकाळी सातचे महाविद्यालय. त्यामुळे न्याहारी बुडते. दहापासून आर्टिकलशिपचे कार्यालय. तेथे आठ तास खुर्ची आणि संगणक. दुपारी डब्यातील पोळी-भाजी कशीबशी संपवली जाते. चार वाजता साखरेचा चहा आणि बिस्किटे. साडेसहाला कार्यालय सुटते, त्यानंतर क्लास. खोलीवर येईपर्यंत नऊ वाजतात.

ज्या मेसमध्ये सूर्यास्तापूर्वी जेवण वाढतात, तेथील ताट एव्हाना केव्हाच उचललेले असते. हिवाळ्यात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्या वेळी ही मुलगी कार्यालयातील कागदांत बुडालेली असते. घरी असताना चौविहार पाळणारी मुलगी पहिले काही महिने उपाशी झोपते. नंतर मैत्रिणींसोबत साडेदहाला काहीतरी मागवू लागते. नियम सुटतो आणि त्याने लावलेली वेळेची शिस्तही त्याच्याबरोबर जाते. दिवसभर उपाशी राहिलेले पोट रात्री एकदम मागणी करते आणि रात्री अकराला मिळते ते मैद्याचे, चीजचे नाहीतर तळलेले.

त्यानंतर अभ्यास आणि मोबाइल. झोपायला एक-दीड वाजतो, उठायचे सहाला. अपुऱ्या झोपेत भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते आणि पोट भरल्याची जाणीव देणारे लेप्टिन घटते, असे संशोधनात आढळले आहे. म्हणजे दुसऱ्या दिवशी गोड-तळलेले खावेसे वाटते, यात तिच्या मनोनिग्रहाचा दोष थोडा आणि झोपेच्या थकबाकीचा अधिक असतो.

हालचालीची गोष्ट तर त्याहून आधी सुरू होते. नववीपर्यंत खो-खो आणि लंगडी खेळणारी मुलगी दहावीच्या वर्षी मैदानावरून उठते ती पुन्हा तिकडे फिरकत नाही. अकरावीत दुचाकी येते आणि चालणे संपते. शहरात 'संध्याकाळी एकटी फिरू नकोस' ही घरची ताकीद असते आणि वसतिगृहाचे फाटक वेळेवर बंद होते. दोन्ही गोष्टी तिच्या सुरक्षिततेसाठीच असतात. परंतु त्यांची किंमत तिचे शरीर मोजते. तिच्या वयाचा भाऊ रात्री नऊला क्रिकेट खेळून येऊ शकतो, ती नाही.

सात ग्रॅम तेलाची गोष्ट

तीन वर्षांत नऊ किलो, हे ऐकायला मोठे वाटते. व्यापाऱ्याच्या रीतीने त्याचा ढोबळ ताळा करून पाहावा. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० उष्मांक, ज्यांना व्यवहारात कॅलरी म्हणतात. नऊ किलोंचे झाले ६९,३००. तीन वर्षांचे दिवस १,०९५. भागाकार येतो दिवसाला ६३ कॅलरी. एक ग्रॅम तेलात नऊ कॅलरी असतात. म्हणजे रोजचे फक्त सात ग्रॅम, चहाच्या चमच्याने दीड चमचा तेल! शरीराचा हिशेब प्रत्यक्षात इतका सरळ नसतो. वजन वाढले की त्याचा रोजचा खर्चही वाढतो, त्यामुळे खरी जादा आवक याहून बरीच अधिक असते. तरीही मुद्दा तोच राहतो. स्थूलता एखाद्या मेजवानीने येत नाही, ती रोजच्या किरकोळ शिल्लकेतून साचते. आणि चक्रवाढीची ताकद व्यापारी कुटुंबाला कोणी वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

या शिल्लकेत घरच्या प्रेमाचाही वाटा असतो. सुटी संपवून निघालेल्या मुलीच्या बॅगेत चिवडा, शंकरपाळी, गाठिया, बेसनाचे लाडू आणि तुपात भाजलेले खाकरे यांचे डबे असतात. त्यात आईचा जीव असतो. पण परीक्षेच्या रात्री पुस्तकासमोर उघडलेला डबा कधी तळाला जातो, हे मुलीलाही कळत नाही. त्याच बॅगेत भाजलेले चणे, शेंगदाणे, खजूर, कोरडे मुरमुरे आणि कमी तुपाचे खाकरे ठेवले, तर माया तेवढीच पोचते.

दुसरी गोष्ट 'जैन' या पाटीची. पावभाजी जैन, पिझ्झा जैन, नूडल्स जैन असे फलक आता सर्वत्र दिसतात आणि ते पाहून घरचे निश्चिंत होतात. त्या पाटीचा अर्थ एवढाच की पदार्थात कांदा, लसूण, बटाटा नाही. त्यात किती लोणी आहे, पाव किती मैद्याचा आहे, हे ती पाटी सांगत नाही. पुष्कळदा कांदा-लसणाची चव भरून काढण्यासाठी लोणी आणि चीज सढळ हाताने पडते. बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याचे वेफर्स आले, तरी कढईतील तेल तेच राहते. अष्टमी-चतुर्दशीला हिरव्या भाज्या वर्ज्य म्हणून शेवभाजी आणि तळलेले पापड पानात येतात. त्याच दिवशी मुगाचे वरण, चण्याची उसळ, कढी आणि ज्वारीची भाकरीही येऊ शकते. नियम तोच, पान निराळे.

शीतपेयांचाही विचार करावा. तीनशे मिलिलिटरच्या एका बाटलीत तीस ग्रॅमच्या आसपास साखर असते. दिवसभराची वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. म्हणजे मैत्रिणीच्या वाढदिवसाची एक बाटली पूर्ण दिवसाचा कोटा संपवून वर उधारी करते.

शरीर काय सोसते

विशीतील शरीर तक्रार करीत नाही, म्हणून त्याला त्रास होत नाही असे नव्हे. पोटाभोवती चरबी वाढली की इन्सुलिनचा परिणाम मंदावतो. पुढे मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकाराची वाट तेथूनच सुरू होते. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. बीजकोशांचे कार्य बिघडते, पाळी लांबते, चेहऱ्यावर लव व मुरुमे येतात. पीसीओएस या नावाने ओळखली जाणारी ही अवस्था बारीक मुलींमध्येही आढळते, परंतु वजन वाढल्याने ती बळावते. पाळी दोन-तीन महिने आली नाही, तर बहुतेक मुली ते मैत्रिणीला सांगतात, आईला उशिरा सांगतात आणि वडिलांच्या कानावर तर जातच नाही. उपचाराचे मौल्यवान महिने या संकोचात निघून जातात.

वजन जादा असूनही शरीर कुपोषित असू शकते, हे आणखी एक विचित्र सत्य. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे पाचव्या सर्वेक्षणात आढळले. मैदा, साखर आणि तेल यांतून ऊर्जा मिळते, लोह मिळत नाही. बी-१२ जीवनसत्त्व शाकाहारी माणसाला मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळते. मेसमधील पातळ ताक आणि चहातील चमचाभर दूध त्यासाठी पुरत नाही. सतत थकवा, केस गळणे, अभ्यासात लक्ष न लागणे ही लक्षणे 'आळस' म्हणून झिडकारण्यापूर्वी रक्ताची तपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरते.

तप आणि डाएट

बायोडाट्याचा विषय निघाला की घरात घाई सुरू होते. मग मुलगी एकदम रात्रीचे जेवण बंद करते, कोणी फक्त सूप पिते, कोणी मोबाइलवर पाहिलेली पावडर मागवते. काही मुली पर्युषणातील अठ्ठाईकडेही वजन उतरवण्याचे साधन म्हणून पाहू लागतात. तपाचा हेतू निराळा आहे आणि त्याला शरीराची तयारी लागते. काट्यावरील आकड्यासाठी केलेला उपवास ना तप ठरतो, ना उपचार. झपाट्याने उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात आणि नेहमीचे खाणे सुरू होताच वजन परत येते. ज्या मुलीचे हिमोग्लोबिन आधीच कमी आहे, तिला तर यातून चक्कर आणि अशक्तपणाच मिळतो.

याउलट, रोजच्या जीवनासाठी सांगितलेल्या जुन्या सवयी आजच्या विज्ञानाशी बऱ्याच जुळतात. भुकेपेक्षा दोन घास कमी खाण्याची ऊनोदरी, पानात मोजकेच पदार्थ घेण्याचा संयम आणि दिवस मावळण्यापूर्वीचे जेवण या गोष्टींसाठी पावडरीला पैसे मोजावे लागत नाहीत. प्रश्न आहे तो त्या सवयी कार्यालयीन वेळापत्रकात बसवण्याचा. जिला चौविहार करायचा आहे, तिच्यासाठी मेसने साडेपाचला खाता येईल असा दुसरा डबा सकाळीच दिला, तर नियमही राहतो आणि पोटही. जिला ते शक्य नाही, तिने निदान आठच्या आत साधे जेवण घ्यावे आणि त्याविषयी घरच्यांकडून तिला अपराधी वाटू नये.

घराने आणि समाजाने करावयाच्या गोष्टी

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारसूचनांत दोन हजार कॅलरींच्या दिवसासाठी एक ताट सुचवले आहे. त्यात धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, शाकाहारी घरासाठी डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, दाणे व तेलबिया ३५ ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर आणि तेल-तूप २७ ग्रॅम आहे. कंदमुळे वगळूनही दुधी, दोडका, पडवळ, भेंडी, गवार, काकडी, टोमॅटो यांनी भाज्यांचा वाटा भरता येतो.

यातील तेलाचा आकडा किराण्याच्या यादीशी ताडून पाहावा. माणशी २७ ग्रॅम म्हणजे महिन्याला ८१० ग्रॅम. चार माणसांच्या घराला तेल आणि तूप मिळून सव्वातीन किलोंच्या आसपास. ज्या घरात पंधरा किलोंचा डबा दोन महिन्यांत संपतो, तेथे मुलीला 'कमी खा' म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? सवय घराची असते, वजन मात्र एकट्या मुलीचे मोजले जाते. मुलगा आणि वडील त्याच ताटात जेवत असतात. त्यांचे पोट 'व्यापाऱ्याचे पोट' म्हणून कौतुकाने पाहिले जाते.

व्यायामासाठी जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे. पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चालले तरी पहिला भाग पूर्ण होतो. बसथांब्याच्या एक थांबा आधी उतरणे, कार्यालयात जिना चढणे, खोलीत सूर्यनमस्कार घालणे यांना ना महागडी फी लागते, ना रात्री बाहेर जावे लागते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये उच्च शिक्षण संस्थांना आवारातील उपाहारगृहांतून जंक फूड दूर ठेवण्याची सूचना केली होती. महाविद्यालयांनी ती किती पाळली हे पालकांनी विचारलेच पाहिजे. पण समाजाची स्वतःची वसतिगृहे तर समाजाच्याच हातात आहेत. इमारतीसाठी देणगी देणारे हात उदार आहेत. त्याच देणगीतून एक छोटी व्यायामाची खोली, वर्षातून एकदा हिमोग्लोबिन व बी-१२ ची तपासणी आणि उशिरा येणाऱ्या मुलींसाठी डब्याची सोय झाली, तर तो खर्च नव्हे, ठेव ठरेल.

पाडव्यानंतर

सोलापूर जिल्ह्यातील त्या घरात भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, निघण्याच्या तयारीत असताना, लेकीने आईला सांगितले की तीन महिने पाळी आलेली नाही. आईने त्या दिवसाचे तिकीट रद्द केले आणि तिला तालुक्याच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेले. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी औषध लिहून दिले आणि सोबत एक वाक्य सांगितले, "पाच टक्के वजन उतरलं, तरी पुष्कळ गोष्टी आपोआप मार्गी लागतील." बासष्ट किलोंचे पाच टक्के म्हणजे तीन किलो. हा आकडा ऐकून मुलीचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. तिच्या मनात पंधरा किलोंचा डोंगर होता.

वडिलांना हे सारे त्या रात्री कळले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग एवढेच म्हणाले, "मला आधी का नाही सांगितलंस बेटा?" त्या प्रश्नाचे उत्तर त्या घराला नंतर हळूहळू सापडत गेले. घरातील तेलाचा डबा लहान झाला. काकूंना बायोडाट्याचा विषय पुन्हा काढू नका, असे आईने स्पष्ट सांगितले. पुण्यात मुलीने दोन मैत्रिणींना बरोबर घेऊन पहाटेचे चालणे धरले. महावीर जयंतीला ती घरी आली, तेव्हा वजन तीन किलोंनी उतरले होते, पाळी नियमित होऊ लागली होती. आणि आजीची तक्रार होती की पोरगी वाळली.

दूर शिकणाऱ्या मुलीला रात्री फोन करताना प्रत्येक घर विचारते, "जेवलीस का?" मुलगीही सवयीने म्हणते, "हो." या एका प्रश्नाला आणखी तीन प्रश्न जोडावेत : किती वाजता जेवलीस, आज चाललीस किती, काल झोपलीस किती? आणि उत्तर काहीही आले, तरी रागावू नये. हिशेब तपासणारा रागीट असला की नोंदी लपवल्या जातात, हे पेढीवर बसणाऱ्या माणसाला चांगले ठाऊक असते.